घरच्या घरी जुनी पद्मिनी उभी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं फियाट ११०० डी ते प्रीमियर पद्मिनी या गाड्यांपुरती आहेत. अँबेसिडरवाल्यांना आणि स्टँडर्ड हेराल्डवाल्यांना यातलं काही उपयोगी पडेल, पण सगळं नाही.

फियाट, प्रेसिडेंट, पद्मिनी या वेगवेगळ्या गाड्या आहेत का?

नावं वेगळी, गाडी एकच. १९६४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट (हीच ११०० डी) बाहेर पडली. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिची प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५, एकूण १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. बहुतेक सुटे भाग एकमेकींना चालतात. ग्रिल, दिवे, डॅशबोर्ड आणि काचांच्या बाबतीत मात्र साल सांगूनच खरेदी करा. पन्नासच्या दशकातली गोल पाठीची ‘डुक्कर फियाट’ ही आधीची पिढी. तिचा पत्रा हिला बसत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.

विकत घेताना आधी काय बघू? इंजिनाचा आवाज?

इंजिन सगळ्यात शेवटी बघा. हे इंजिन पूर्ण उघडून नवं करता येतं, आणि ते करणारे लोक अजून आहेत. पत्रा कुजलेला असेल तर मात्र खर्चाला तळ नाही. या गाडीला वेगळी चॅसी नसते. बॉडी हीच चॅसी, त्यामुळे दाराखालचा उंबरठ्याचा पत्रा नुसता शोभेचा नाही, गाडीचा भार तोही पेलतो.

एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, उंबरठे यांवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग पायाखालची रबरी मॅट उचला, डिकीतलं स्टेपनी काढून त्याखाली हात घाला, बॅटरीची बैठक बघा, जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बॉडीला जिथे अडकतात ती जागा सर्वांत महत्त्वाची. तिथला पत्रा भुसभुशीत असेल तर किंमत कितीही कमी सांगितली तरी गाडी सोडून द्या. कोकणातल्या किंवा मुंबईत समुद्राजवळ वाढलेल्या गाडीपेक्षा सोलापूर-नगरकडची धुळीने माखलेली गाडी मी केव्हाही घेईन.

काळी-पिवळी टॅक्सी स्वस्तात मिळतेय. घेऊ?

सुट्या भागांसाठी घ्यायची असेल तर जरूर. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, म्हणजे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. त्यातल्या ज्यांची नोंदणी रद्द झालेली आहे त्या कागदोपत्री गाड्याच उरलेल्या नाहीत. ‘कागद करून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. दारं, बंपर, काचा, डिफरन्शियल यांसाठी मात्र अशी गाडी सोन्यासारखी.

कागदांत काय तपासायचं?

आरसी बुकातला चॅसी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः जुळवा. कागद ठेवून वर पेन्सिल घासून छाप घ्या, आरटीओतही तोच मागतात. इंजिन नंबरही बघा. इतक्या वर्षांत कोणीतरी इंजिन बदललेलं असतं आणि नोंद केलेली नसते. बँकेचा बोजा उतरलेला आहे का ते पाहा. राज्याबाहेरची गाडी असेल तर फॉर्म २८ची एनओसी, आणि नाव बदलायला २९ व ३०.

खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं आणि नंतर दर वेळी पाच वर्षं. नूतनीकरणाचं केंद्राचं शुल्क मोटारीसाठी एप्रिल २०२२पासून पाच हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. मागच्या मालकाने नूतनीकरण चुकवलं असेल तर दंडासकट सगळं तुमच्या गळ्यात येतं, म्हणून ते सौद्याआधी मोजा. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आहेत, महाराष्ट्रात तशी सरसकट बंदी नाही. दिल्ली पासिंगच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात त्या याचमुळे.

गाडी दहा-बारा वर्षं उभी आहे. बॅटरी लावून सेल्फ मारून बघू का?

नको. सगळ्यात जास्त इंजिनं याच उत्साहात खराब होतात. सिलिंडरला गंजाचा पातळ थर असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. जोरात फिरवलं की रिंग तुटते आणि बोअरवर चरा पडतो.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून थोडं थोडं ओता आणि दोन-चार दिवस विसरून जा. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलवा. पुढे-मागे, हळूहळू. हललं नाही तर पुन्हा ओता, पान्याला पाइप जोडून ताकद लावू नका. फिरायला लागलं की जुनं ऑइल काढून टाका. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवलात तर उत्तम, तळाशी काळा गाळ बसलेला असतो आणि तोच ऑइल पंपाची जाळी बुजवतो. नवं ऑइल २०डब्ल्यू-४० मिनरल. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनाला नको, ते जुन्या सीलमधून फक्त गळेल.

प्लग बाहेर असतानाच सेल्फ मारा, म्हणजे कॉम्प्रेशनचा भार नसतो. ऑइलचा दाब तयार झाल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत. तोवर पेट्रोलची टाकी उतरवून धुवून घ्या. तळातलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं झालेलं असतं आणि त्याचा वास एकदा आला की विसरत नाही. कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल जाणारी बारीक भोकं) साफ करा, पण तारेने नाही, हवेने. तारेने जेटचं भोक मोठं होतं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून ०.४ ते ०.५ मिलिमीटर फट ठेवा, कंडेन्सर सरळ नवा टाका. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. एवढं केलं की बहुतेक पद्मिन्या खोकत, धूर सोडत का होईना, चालू होतात. पहिल्या दिवशीच्या धुराने घाबरू नका, वर ओतलेलं ऑइल जळत असतं. तो आठवडाभर टिकला तर मात्र रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत असं समजा.

आणि गाडी चालू झाली म्हणून लगेच रस्त्यावर काढू नका. थांबायचं कसं, ते अजून बघितलेलं नाही.

ब्रेक?

चारही चाकांना ड्रम आणि बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलचं एकच सर्किट. याचा अर्थ एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. म्हणून यात डागडुजी नाही. मास्टर सिलिंडरची किट, चाकांचे सिलिंडर, तिन्ही रबरी होज आणि गंजलेल्या नळ्या, सगळं एकदम नवं. ड्रम लेथवर साफ करून घ्या. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. हँडब्रेकची केबलही बदला. सोसायटीतल्या उतारावर तिचीच परीक्षा होते.

पुढे डिस्क बसवायची हौस असेल तर बॉडीचं काम झाल्यावर, आणि तयार जुळणारे भाग देणाऱ्या माहीतगाराकडूनच. वेल्डिंग करून बनवलेली कॅलिपरची बैठक मी माझ्या गाडीला लावणार नाही. नीट जमवलेले ड्रम या गाडीच्या वेगाला पुरतात.

घरी कोणती कामं करता येतात आणि कोणती बाहेर द्यावीत?

ट्यून-अप, ब्रेक, वायरिंग, कूलिंग, क्लच, ग्रीसिंग, आतलं कापड-फोम, हे सगळं घरच्या पार्किंगमध्ये होतं. पुढच्या चाकांना किंग पिन (चाक ज्यांच्यावर वळतं त्या पिना) आहेत आणि त्यांना ग्रीस लागतंच; निपलमध्ये गन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. बहुतेकांचं स्टिअरिंग जड झालेलं असतं ते याच कारणाने. लोक मात्र पॉवर स्टिअरिंगची चौकशी करत फिरतात.

बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड प्लेन करणं, व्हॉल्व्ह सीट कापणं ही लेथवाल्याची कामं. उंबरठे आणि जमिनीचं वेल्डिंग चांगल्या डेंटरकडे. तिथे दारं लावलेली ठेवून, बॉडीला आतून टेकू देऊनच जुना पत्रा कापायला सांगा, नाहीतर बॉडी वाकते आणि मग दारं कधीच नीट बसत नाहीत. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर हवी. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक, तिच्यात वाफ असते.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावायचेच. विटा तर अजिबात नकोत, त्या फुटतात.

घाटात गाडी गरम होते किंवा अचानक बंद पडते. जुनी गाडी म्हणून सोडून द्यायचं?

सोडून द्यायचं कशाला? या गाड्या खंडाळ्याचा घाट रोज चढत होत्या. आधी दोन तक्रारी वेगळ्या करा.

तापमानाचा काटा खरंच वर जात असेल तर कूलिंग बघा. रेडिएटर क्षारांनी बुजलेला असतो, कारण वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलेलं असतं. तो रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ) करून घ्या. पट्टा सैल आहे का, थर्मोस्टॅट कोणी काढून फेकलाय का, इग्निशनचं टायमिंग मागे पडलंय का, या क्रमाने बघा. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं आहे. नुसतं पाणी वापरलं तर दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि हेडचे पाण्याचे मार्ग खाऊन टाकतो, म्हणून कूलंट हवाच. एकदा नीट उकळलं की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. मग नुसतं गॅस्केट बदलून उपयोग नसतो, हेड प्लेन करून घ्यावं लागतं. बसवताना बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळायचे.

काटा मध्यावर असूनही गाडी झटके देऊन बंद पडत असेल आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप चालू होत असेल, तर ती पेट्रोलची वाफ. पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असतो, तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप हवा ढकलत बसतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका गुंडाळायचे, आणि तो उपाय आजही चालतो. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांबून नेणं आणि पंप व ब्लॉकमधली जाड इन्सुलेटर पॅकिंग परत बसवणं. बहुतेक मेकॅनिक ती ‘काय करायचीय’ म्हणून काढून टाकतात.

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल चालेल का?

चालवावंच लागतं, पंपावर दुसरं सहज मिळत नाही. इथेनॉल दोन त्रास देतं. जुन्या रबराला ते फुगवतं, कडक करतं, भेगा पाडतं. आणि हवेतलं पाणी शोषतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, विटॉनसारख्या रबराच्या टाका. पंपाचा डायफ्रामही बदला. पारदर्शक फिल्टर लावा, टाकीतला गंज सुटून येतोय का ते दिसतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि पत्रा आतून खातं. मिश्रण थोडं पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडतं, त्यामुळे गाडी अडखळत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा आणि प्लगचा रंग तपासा. फिकट पांढरा म्हणजे पातळ, काळा म्हणजे जाड, बिस्किटाच्या रंगाचा म्हणजे जमलं.

शिशाच्या पेट्रोलची काळजी आता करण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०००पासून देशभर बिनशिशाचंच पेट्रोल आहे. हेड उतरवलंच असेल तर व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घ्या आणि विषय संपवा.

हँडलचा (स्टिअरिंगजवळच्या दांड्याचा) गिअर अडकतो. फ्लोअर गिअर करून घेऊ?

हँडलचा गिअर अडकतो तो दांड्यांच्या टोकांची बुशं झिजल्यामुळे. बुशं बदलून, दांड्यांची लांबी जुळवून घेतली की दोन बोटांनी गिअर पडतो. पुढचा बाक सलग राहतो, ती या गाडीची खरी मजा. फ्लोअर गिअरसाठी जमिनीत गिअरबॉक्सवरच्या बोगद्याचा पत्रा कापावा लागतो आणि तो परत जोडणं कोणी करत नाही. माझं मत विचाराल तर करू नका. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं ऑइल घाला. जीएल-५ने पितळी सिंक्रोचं (गिअर जुळवणाऱ्या कड्यांचं) नुकसान होऊ शकतं.

वायरिंगचं काय करू?

पूर्ण बदला. जोडावर जोड मारलेली वायर हे गाड्यांना आग लागण्याचं एक मोठं कारण आहे, आणि पद्मिनीत फ्यूज मोजकेच आहेत. हेडलाइटला रिले लावा, म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून जात नाही आणि दिवे तेवढ्यानेच उजळतात. डायनॅमो असेल तर मारुती ८००चा अल्टरनेटर बसवणं हा जुना, आजमावलेला बदल आहे. बैठक तेवढी बनवावी लागते. जुना डायनॅमो आणि त्याचा कटआउट (चार्जिंगचा रेग्युलेटर) पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. मी कुठल्याही बदलाला हाच निकष लावतो, एका दुपारी तो उलटा फिरवता आला पाहिजे.

कायद्याने काय बदलता येतं?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे तपशील आहेत ते कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाने परवानगीशिवाय बदल केला तर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

व्यवहारात सांगायचं तर सीटची कव्हरं, म्युझिक सिस्टीम, रिले, कूलंट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन यांना कोणी हात लावत नाही. रंग बदलला तर आरटीओत नोंद करा. छप्पर कापून कन्व्हर्टिबल करणं, चाकं बॉडीबाहेर येतील असे रिम, कर्कश सायलेन्सर यांना विसरा. मूळ टायर ५.२०-१४ मापाचे. आज १४ इंचात १६५/८० हे माप सहज मिळतं, पण घेण्याआधी रिमची रुंदी बघा आणि पूर्ण वळवल्यावर टायर घासतोय का तेही. पीयूसीला जुन्या पेट्रोल मोटारींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. कार्बोरेटर जमलेला असेल तर पद्मिनी आरामात पास होते. १ एप्रिल २०१९आधी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटी लागतेच.

दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकू का?

लोक टाकतात. मग आरसी, इंजिन नंबर, विमा, सगळं बेकायदा होऊन बसतं आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. ब्रेक आणि पाटे चाळीस हॉर्सपॉवरच्या हिशेबाने बनवलेत हे वेगळंच. त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवलं तरी नंबर बदलतो, म्हणून आरटीओची परवानगी आणि नोंद हवी.

सीएनजी, एसी, इलेक्ट्रिक?

सीएनजी मान्यताप्राप्त किट लावून कायदेशीर, पण डिकी गेली. एसी बसवता येतो, पण घाटात बंद करावा लागेल. इलेक्ट्रिकसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने त्या मॉडेलसाठी मंजूर केलेलं किट लागतं. यूट्यूबवर दिसतं ते सगळं मंजूर असतं असं नाही.

रंग घरी मारता येईल?

ड्युको (जुन्या पद्धतीचा, पटकन वाळणारा रंग) मारता येतो, टूके (हार्डनर मिसळून मारायचा) पेंट नको. टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं; साधा मास्क त्याला पुरत नाही आणि शेजाऱ्यांची मुलं पार्किंगमध्ये खेळत असतात. पावसाळ्यात तर कुठलाच रंग नको, ओलाव्याने वर पांढुरकी झाक येते. रंगाआधीची घासाई मात्र घरी करा. पेंटरचे निम्मे पैसे तिथेच वाचतात आणि लांबीखाली काय दडलंय तेही स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. बाहेरून चकचकीत करण्याआधी उंबरठ्यांच्या पोकळीत मेणासारखं गंजरोधक फवारा आणि दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी करा. ती लांबीने बुजवणारे महाभाग बरेच आहेत.

माझी पद्मिनी व्हिंटेज होईल का?

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झाली आणि गाडी मूळ रूपात असेल तर होईल. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण पाच हजार. नव्या पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. पण बॉडी, चॅसी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला असेल तर दार बंद. आणि व्हिंटेज गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर. रविवारी मिसळ खायला जायची सवय असेल तर साधी नोंदणीच बरी.

सुटे भाग कुठे मिळतात?

मुंबईत ऑपेरा हाउसची दुकानं नव्या मालासाठी, कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्यासाठी. पुण्यात नाना पेठ, आणि नशीब असेल तर जुना बाजार. जुना भाग नेहमी बरोबर न्या, ‘फियाटचा द्या’ म्हणून मागू नका. रबरी बीडिंग नवी मिळते, पण काचेच्या कोपऱ्यात आखूड पडते, म्हणून हातभर जास्त घ्या. काच फुटण्याआधी दुसरी घेऊन ठेवा. क्रोमचे बंपर पुन्हा प्लेटिंग करून मिळतात, पातळ पत्र्याच्या नव्या नकलांपेक्षा तेच चांगले.

विमा कितीचा काढायचा?

थर्ड पार्टी सक्तीचाच. पूर्ण विम्यात पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून एजंटने लिहिलेला आकडा मुकाट्याने घेऊ नका. कामाचे फोटो आणि बिलं जपून ठेवा आणि मूल्यांकन करून घ्या. गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाही आग आणि चोरीचं संरक्षण चालू आहे ना, हे पॉलिसीत वाचून बघा. वायरिंगचं काम चालू असताना त्या संरक्षणाची गरज पडू शकते.